जाळ्याचा आस आणि पीएसएचा आकडा

या वेळी दोन शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवून वाचू. दोन्ही एकाच संशोधकाचे, एकाच विद्यापीठातले, एकाच विषयावरचे. मधे सतरा वर्षं. आणि निष्कर्ष असे, की पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटावं, दुसरा निबंध पहिल्याला खोडायलाच लिहिलाय.

संशोधक म्हणजे स्टॅनफर्डचे युरॉलॉजिस्ट थॉमस स्टॅमी. पहिला निबंध १९८७ चा, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. त्याचं म्हणणं असं, की रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटच्या कर्करोगाचं चांगलं सूचक आहे, आणि गाठ जेवढी मोठी तेवढा आकडा मोठा. दुसरा निबंध २००४ चा, ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मधला. त्याच्या शीर्षकातच जाहीर केलंय की अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगासाठी पीएसएचं युग संपलं. का, तर आता हा आकडा कर्करोगाबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. प्रोस्टेट किती वाढली आहे, तेवढंच सांगतो.

हे दोन निबंध निवडायचं कारण तुम्हीच आहात. पेट झाली, सिनॉप्सिस लिहायचाय, विषय सुचवा, असे मेसेज येतात, आणि जैववैद्यकाकडे वळणाऱ्यांच्या यादीत एक विषय हटकून असतो : ‘प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांमधील सीरम पीएसए पातळीचा अभ्यास’. वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रबंधांमध्येही हा सदाबहार विषय आहे. पन्नास किंवा शंभर रुग्ण, सोनोग्राफी, रक्त, सॉफ्टवेअर, आणि शेवटी ‘लक्षणीय धन सहसंबंध आढळला’. सहसंबंध आढळतोच. तो खराच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तो आकडा नेमका कशाचा गुणधर्म आहे, हे या निबंधांमध्ये कुणी विचारत नाही. तो ग्रंथीचा गुणधर्म आहे असं गृहीत धरून सगळे पुढे जातात. स्टॅमींचे दोन निबंध एकत्र वाचले की कळतं, तो बऱ्याच अंशी नमुन्याचा गुणधर्म आहे.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात. प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेभोवती बसलेली असते. तरुणपणी वजन साधारण २० ग्रॅम. चाळिशीनंतर तिचा आतला भाग, नलिकेला लागून असलेला, हळूहळू वाढतो. ही वाढ कर्करोगाची नाही, तिला बीपीएच म्हणतात, आणि ऐंशी वर्षांपर्यंत पोचलेल्या बहुतेक पुरुषांच्या ग्रंथीत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पीएसए हे या ग्रंथीच्या अस्तरपेशींनी तयार केलेलं एक प्रथिन-पाचक विकर. काम त्याचं वीर्य पातळ करण्याचं. वीर्यात ते मिलिग्रॅममध्ये असतं, रक्तात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे रक्तात येतो तो साधारण दहा लाखातला एक भाग, झिरपलेला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. वाढलेल्या ग्रंथीत अस्तरपेशी असतात आणि स्नायू-तंतूंचा आधारही असतो. पीएसए बनवतात त्या फक्त अस्तरपेशी. दोन पुरुषांच्या ग्रंथी मापाने अगदी सारख्या, पण एकात अस्तर जास्त आणि दुसऱ्यात तंतू जास्त, तर रक्तातला आकडा वेगळा येणारच. कर्करोगात पेशींची शिस्त मोडते, नळीच्या भिंती फुटतात, त्यामुळे त्याच वजनाच्या ऊतीतून झिरपणं जास्त होतं. जंतुसंसर्गात, लघवी तुंबल्यावर, कॅथेटर घातल्यावरही आकडा चढतो.

आता १९८७ चा निबंध. ६९९ रुग्ण, २२०० रक्तनमुने. त्या काळात प्रोस्टेट कर्करोगासाठी आम्ल फॉस्फटेज ही जुनी चाचणी चालायची, आणि या निबंधाने दाखवलं की पीएसए तिच्यापेक्षा फार जास्त संवेदनशील आहे. उपचार न झालेल्या १२७ नव्या कर्करोगांपैकी १२२ मध्ये पीएसए वाढलेलं. त्याच निबंधात असंही लिहिलंय की बीपीएच असलेल्यांपैकी ८६ टक्क्यांमध्येही ते वाढलेलं होतं! ही ओळ सारांशात आहे, कुठे तळटीपेत लपवलेली नाही. तरी पुढची वीस वर्षं लोकांनी पहिली ओळ पाठ केली आणि दुसरी ओलांडली. शोधनिबंधाचा सारांशही पूर्ण वाचायचा असतो, असं मी नेहमी म्हणते ते यासाठी.

याच निबंधातला आणखी एक आकडा पुस्तकांतून पुस्तकांत प्रवास करत आलाय : बीपीएचच्या दर ग्रॅम ऊतीमागे रक्तात पीएसए ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने वाढतं, कर्करोगाच्या ऊतीमागे त्याच्या दहापट. दिसायला फार सोयीचा. त्याने साधं गणित करून बघा. ग्रंथी ६० ग्रॅम, म्हणजे वाढ ४० ग्रॅमची, गुणिले ०.३, म्हणजे १२. साठ ग्रॅमच्या ग्रंथीवाल्या प्रत्येकाचं पीएसए १२ च्या पुढे हवं. तसं होत नाही, बहुतेकांचं खूपच कमी निघतं. मग ०.३ चुकलं का? तसंही नाही. ते आलं शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या रुग्णांवरून, आणि त्या वेळच्या किटवरून, जी आजच्या किटपेक्षा बराच जास्त आकडा दाखवायची. आकडा त्या लोकांचा आणि त्या किटचा होता. आपण त्याला ‘प्रोस्टेटचा’ करून टाकलं.

दुसऱ्या निबंधाकडे येते. ऑगस्ट १९८३ पासून वीस वर्षांत स्टॅनफर्डला कर्करोगासाठी काढलेल्या १३१७ प्रोस्टेट ग्रंथी. स्टॅमींनी त्या चार पंचवार्षिक गटांत विभागल्या. मला हा निबंध आवडतो, आधी ते सांगते. ज्या चाचणीवर स्वतःचं नाव झालं, तिच्याच विरोधात स्वतःची वीस वर्षांची वही उघडून दाखवायला जिगर लागते. आकडेही बोलके. पहिल्या गटात ९१ टक्के रुग्णांची गाठ डॉक्टरांच्या बोटाला लागत होती, शेवटच्या गटात फक्त १७ टक्के. सरासरी पीएसए साधारण २५ वरून ८ वर आलं. सगळ्यात मोठ्या गाठीचं आकारमान ५.३ घन सेंटिमीटरवरून २.४ वर. आणि कळीची गोष्ट : कर्करोगाची मापं वापरून पीएसएमधल्या फरकाचं स्पष्टीकरण पहिल्या गटात ४३ टक्के मिळत होतं, शेवटच्या गटात २ टक्के.

४३ वरून २. वाचताना दचकायला होतं. पण थांबा, आणि विचारा : या वीस वर्षांत बदललं काय? कॅलिफोर्नियातल्या पुरुषांच्या पेशींनी पीएसए बनवायची रीत बदलली का? नाही. बदलली ती माणसं शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायची वाट. १९८३ साली माणूस यायचा त्रास झाला म्हणून, किंवा बोटाला गाठ लागली म्हणून. १९८६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पीएसएला उपचारानंतरच्या देखरेखीसाठी मान्यता दिली, १९९४ मध्ये कर्करोग शोधण्यासाठी. नव्वदच्या दशकात ४ हा आकडा दाराची चौकट बनला. पीएसए ४ च्या वर, की बायोप्सी. म्हणजे शेवटच्या गटातले बहुतेक लोक पीएसएनेच निवडून आणलेले होते.

इथे मला हर्ण्याच्या बंदरावर यावं लागेल. आमच्याकडे दुपारनंतर होड्या लागतात, वाळूत मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. आता कुणी पाहुणा मुंबईहून आला, ढिगातली मासळी मोजली आणि म्हणाला, ‘अरबी समुद्रात बोटभरापेक्षा लहान मासा नसतो’, तर लिलाव पुकारणारे हसतील. जाळ्याचा आस, म्हणजे एकेका घराचं माप, जेवढं, त्याहून लहान ते निसटणार. ही उपमा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात जुनी आहे, आर्थर एडिंग्टन यांनी १९३९ च्या पुस्तकात दोन इंच आसाचं जाळं टाकणारा मत्स्यशास्त्रज्ञ उभा केला होता. त्यांना ती कल्पनेने सुचली, आमच्याकडे तो रोजचा व्यवहार आहे. पण स्टॅमींच्या नमुन्यात याहून मजेशीर प्रकार झालाय. तिथे जाळ्याचा आस होता खुद्द पीएसए, आणि मग त्याच जाळ्यात सापडलेल्यांमध्ये पीएसएचं कशाशी नातं आहे ते मोजलं गेलं.

त्याने दोन गोष्टी घडतात. एक, पल्ला आखडतो. तुम्हाला ओळखीचं उदाहरण देते. दहावीचे मार्क आणि अकरावीची कामगिरी यांचं नातं सगळ्या जिल्ह्यातल्या मुलांमध्ये मोजा, ठळक दिसेल. मग फक्त ९५ टक्क्यांच्या वर प्रवेश देणाऱ्या एका कॉलेजात मोजा, जवळजवळ गायब. दहावीचे मार्क निरुपयोगी ठरले असं नाही, त्या वर्गात सगळेच ९५ ते ९९ मधले आहेत एवढंच. स्टॅनफर्डच्या शेवटच्या गटात मोठ्या गाठी उरल्याच नव्हत्या, त्या आधीच पकडल्या जात होत्या. लहान गाठींच्या लहान फरकातून पीएसएचा फरक कसा उमगणार?

दुसरी गोष्ट जास्त बारीक, आणि आपल्या विषयाशी थेट जोडलेली. त्याच वीस वर्षांत काढलेल्या ग्रंथींचं सरासरी वजन ४४ ग्रॅमवरून ५३ ग्रॅमवर गेलं. रुग्णांचं सरासरी वय मात्र कमी झालं होतं. वय कमी आणि ग्रंथी मोठी, हे उलटं झालं ना? उलगडा साधा आहे. ग्रंथी मोठी म्हणून पीएसए ४ च्या वर गेलं, वर गेलं म्हणून बायोप्सी झाली, आणि बायोप्सीत एक लहानशी गाठ सापडली, जिचा त्या आकड्याशी फारसा संबंध नव्हता. म्हणजे साधी वाढ असलेली माणसं कर्करोगाच्या जाळ्यात सापडत होती. स्टॅमींनी हे ओळखलं, आणि बायोप्सीचा धडाका थांबवा म्हणून सांगितलं. इथवर त्यांचं बरोबर आहे.

माझ्या मते चुकतंय ते पुढे. १३१७ जणांपैकी प्रत्येकाला कर्करोग होता. कर्करोग नसलेला एकही माणूस या नमुन्यात नाही. तेव्हा ‘कर्करोग असलेल्यांमध्ये गाठीचं माप पीएसएवरून कळत नाही’ हा निष्कर्ष निघतो. ‘पीएसएवरून कर्करोग असण्याची शक्यता कळत नाही’ हा निघत नाही. शीर्षक मात्र दुसऱ्या अर्थाने वाचलं गेलं. आणि त्याच वर्षी त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा निबंध आला होता, इयन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा, फिनास्टराइडच्या मोठ्या प्रतिबंधक चाचणीतला. तिथे जाळं वेगळं होतं. सात वर्षांच्या शेवटी, आकडा काहीही असो, बायोप्सी देऊ केली होती. पीएसए कधीच ४ च्या वर न गेलेले आणि बोटाच्या तपासणीत काही न सापडलेले असे २९५० पुरुष, त्यांच्यापैकी ४४९ जणांमध्ये, म्हणजे १५.२ टक्क्यांमध्ये, कर्करोग सापडला. ०.५ पर्यंत पीएसए असलेल्यांत ६.६ टक्के, ३.१ ते ४ मध्ये २६.९ टक्के. पायरी नाही, चढण आहे. खाली शून्य नाही, आणि वर जाताना शक्यता वाढते. युग संपलं म्हणणंही चूक, आणि चार ही लक्ष्मणरेषा मानणंही चूक.

आता आपल्या मूळ विषयावर, म्हणजे साध्या वाढीवर. कर्करोग नसलेल्या पुरुषांमध्ये ग्रंथीचं माप आणि पीएसए यांचं नातं किती? यासाठी मी नेहमी १९९३ चा ओस्टर्लिंग आणि सहकाऱ्यांचा निबंध सुचवते, कारण त्यांचं जाळं सगळ्यात प्रामाणिक आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली ओमस्टेड काउंटी, ४० ते ७९ वयाचे ४७१ पुरुष, दवाखान्यात आलेले नव्हेत, वस्तीतून यादृच्छिक निवडलेले. ग्रंथीच्या मापाशी सहसंबंध ०.५५, वयाशी ०.४३. याच निबंधातून वयानुसार मर्यादा आल्या : चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५.

०.५५ ऐकायला भक्कम वाटतं. वर्ग करा : ०.३०. म्हणजे पीएसएमधल्या फरकापैकी तीस टक्के ग्रंथीच्या मापाने समजतात, सत्तर टक्के इतर कशाने. अस्तर आणि तंतूंचं प्रमाण, दडलेली सूज, दिवसागणिक होणारा चढउतार, मोजमापातली चूक, सगळं त्या सत्तरात. शिवाय वय वाढलं की ग्रंथीही वाढते आणि पीएसएही वाढतं, त्यामुळे तिसातलेही काही वयाच्या खात्यावर जायला हवेत. शंभर रुग्णांच्या प्रबंधात तर याहून गंमत. शंभर जणांत सहसंबंध फक्त ०.२ आला तरी पी-मूल्य ०.०५ च्या खाली जातं आणि ‘लक्षणीय’ छापता येतं. ०.२ चा वर्ग ०.०४. चार टक्के! आणि त्यावर पुढचं वाक्य बेधडक लिहिलेलं असतं, की सोनोग्राफीची सोय नसेल तिथे पीएसएवरून ग्रंथीचा अंदाज घेता येईल.

त्या वाक्याचंही एक मूळ आहे, रोएरबॉर्न आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा निबंध. ग्रंथी ४० मिलिलिटरच्या वर आहे का हे ओळखायला पन्नाशीत १.६, साठीत २.०, सत्तरीत २.३ असे उंबरठे त्यांनी दिले. काम नेटकं आहे. पण माहिती औषधांच्या चाचण्यांत दाखल झालेल्या पुरुषांची आहे, म्हणजे पुन्हा चाळून घेतलेल्या माणसांची. आणि विचारलेला प्रश्न होता, मोठ्या ग्रंथीवर चालणारं औषध कुणाला द्यावं. तो प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर उचलून ‘रुग्णाला कर्करोग नाही, फक्त ग्रंथी मोठी आहे’ या कामाला लावायचं नसतं.

हे सगळं कुणासाठी महत्त्वाचं, ते सांगते. विज्ञान शिकलेली गावातली पोर म्हणून मला रिपोर्ट येतात. बाप्ये स्वतः कधी बोलत नाहीत, लाजतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो तो काकूचा किंवा सुनेचा : ‘बघ गं, ह्याच्यात लाल अक्षरात आलंय.’ मी डॉक्टर नाही, म्हणून उत्तर एकच असतं, युरॉलॉजिस्टला दाखवा. पण आकड्यांचा स्वभाव सांगता येतो. समजा एका सत्तरीतल्या माणसाचं पीएसए ६.८ आणि सोनोग्राफीत ग्रंथी ५० सीसी. बेन्सन यांनी १९९२ मध्ये सुचवलेली पीएसए घनता काढा, म्हणजे पीएसए भागिले माप : ०.१३६. रूढ उंबरठा ०.१५, त्याच्या खाली. ‘गाठ मोठी आहे म्हणून वाढलंय, चिंता नको.’ आता ते ५० आलं कसं बघा. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार, त्याला ०.५२ ने गुणलेलं. तीन मापं पडद्यावर कर्सर ठेवून घेतलेली, बहुतेकदा पोटावरून. प्रत्येक मापात फक्त आठ टक्के जास्त धरले गेले असतील, तर खरी ग्रंथी ४० सीसीचीच. मग घनता ०.१७. उंबरठ्याच्या वर. तोच माणूस, तेच रक्त. एका बाजूला बायोप्सी, मुंबईची फेरी, घरात भीती, दुसऱ्या बाजूला चिंता नको. रिपोर्टवर ०.१३६ असा दशांशाच्या तीन घरांपर्यंत आकडा छापलेला बघून मला म्हणूनच हसू येतं आणि रागही.

आणि आपल्याकडचं जाळं? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. तपासणी असावी असं मी म्हणत नाही, तो वेगळा आणि अवघड वाद आहे. नमुन्यापुरतं बोलते. हर्ण्याच्या माणसाचं पीएसए होतं ते दोनच वाटांनी : एक तर लघवी तुंबून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा पुढे डेरवण, रत्नागिरीला पोचला म्हणून, नाहीतर मुंबईतल्या मुलाने ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतलं म्हणून. पहिल्या वाटेचं जाळं १९८३ च्या स्टॅनफर्डसारखं, मोठ्या आसाचं. दुसरं २००३ च्या स्टॅनफर्डसारखं. एकाच गावात दोन्ही. आणि एखाद्या प्रबंधात या दोन वाटांनी आलेली माणसं एकाच तक्त्यात बसवली, तर सहसंबंध किती येईल हे त्यांच्या मिश्रणावर ठरेल. तुमचे साठ टक्के रुग्ण कॅथेटर लावून आलेले असतील तर एक आकडा, दहा टक्के असतील तर दुसरा. म्हणून दोन भारतीय प्रबंधांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा ‘वांशिक फरक’ हे स्पष्टीकरण मला फार घाईचं वाटतं.

वस्तीतून नमुना घेणं आपल्याकडे जमत नाही असं नाही. नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयातून अरविंद गणपुळे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ युरॉलॉजी’त भारतीय वस्तीतल्या पुरुषांच्या वयानुसार पीएसए आणि पीएसए घनतेवर निबंध दिला. असल्या कामाची गरज आहे, ओपीडीतल्या आणखी शंभर रुग्णांची नाही.

तेव्हा हा विषय घ्यायचाच असेल, तर सिनॉप्सिसमध्ये मला काय दिसायला हवं? सगळ्यात आधी, माणूस तुमच्यापर्यंत कसा आला, याचा एक स्तंभ. तुंबून आला, त्रास म्हणून आला, पॅकेजमधून आला, की तुम्ही त्याच्या दारी गेलात. हा एक स्तंभ बाकी दहा स्तंभांच्या तोडीचा आहे. मग पीएसएचा लॉग, कारण हा आकडा एका बाजूला लांब शेपटी काढतो आणि दोन-तीन मोठे आकडे सहसंबंध ओढून नेतात. ठिपक्यांचं चित्र छापा, नुसती रेषा नको. ‘पीएसए १० च्या वर असलेले वगळले’ असं लिहिलं असेल तर का वगळले ते लिहा, आणि त्याने पल्ला किती आखडला तेही. किटचं नाव हवं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकावर बेतलेली किट जुन्या हायब्रिटेक मानकापेक्षा साधारण वीस टक्के कमी दाखवते. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू आहे का, कारण ही औषधं सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, आणि गोळीचं नाव रुग्णाला क्वचितच माहीत असतं. पाकीट आणायला सांगा. कर्करोग नाही हे कशावरून ठरवलं, तेही. फक्त ४ च्या वरच्यांची बायोप्सी करून बाकीच्यांना ‘साधी वाढ’ म्हटलं असेल, तर थॉम्पसन यांचे ४४९ आठवा.

आणि शेवटी सहसंबंधाच्या जागी, किंवा निदान त्याच्या शेजारी, असं वाक्य लिहा : ५० सीसीची ग्रंथी असलेल्या नव्या माणसाचं पीएसए आमच्या माहितीनुसार इतक्या ते इतक्याच्या मधे असेल. हा पल्ला छापायला लोक कचरतात, कारण तो भला मोठा रुंद येतो. पण फोटो पाठवणाऱ्या काकूला उपयोगी पडेल असा त्या प्रबंधात तोच एक आकडा असतो.

लक्षणांची प्रश्नावली जोडणार असाल तर आणखी एक अडचण, आमच्या किनाऱ्याची. आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट लक्षण गुणांकनात सात प्रश्न आहेत, एकूण ३५ गुण. सातवा प्रश्न : रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत लघवीसाठी किती वेळा उठावं लागतं? हा प्रश्न घरात गादीवर झोपणाऱ्यासाठी लिहिलाय. होडीवरचा माणूस रात्री जाळं ओढायला उठलेलाच असतो. त्याला विचारलंत तर म्हणेल, ‘झोपलोच कुठं?’, आणि तुम्ही शून्य लिहाल. तेव्हा नमुना घ्यायचा तर यांत्रिक होड्यांना बंदी असते त्या १ जून ते ३१ जुलैच्या दोन महिन्यांत घ्या. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, रात्री आपल्या अंथरुणात झोपतात. ऑगस्टमध्ये गेलात तर फक्त तुंबून आलेलेच भेटतील.